सेंट किल्डाला निघताय? दोन दिवस हाताशी ठेवा

सेंट किल्डा या स्कॉटलंडच्या द्वीपसमूहातल्या हर्टा बेटावरची ओसाड वस्ती बघायचीय ना, मग बोटीच्या तारखेपुढचे दोन दिवस मोकळे ठेवाच. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावरून निघालं की अडीच-तीन तास उघडा अटलांटिक असतो. वारा उलटला की फेरी रद्द. माझी पहिली खेप अशीच गेली, फार हळहळलो होतो.

तिथे खानावळ नाही. डबा, पाणी, रेनकोट सोबत घ्या. बोटीत चढण्याआधी बॅग नीट तपासा. एखादा मोठा उंदीर बेटावर पोचला तर पक्ष्यांच्या घरट्यांचा घातच.

उतरल्यावर लगेच डोंगराकडे धावू नका. आधी घरांच्या त्या एकुलत्या रांगेपुढून सावकाश चाला. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटची ३६ माणसं स्वतः विनंती करून इथून कायमची निघाली. आसपास ‘क्लेट’ दिसतील, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी कोठ्या, वर गवताळ मातीचं छप्पर. वाकून आत डोकवा. फटींतून गार वारा गालाला लागतो. याच वाऱ्यावर इथले रहिवासी समुद्रपक्ष्यांचं मांस टिकवायचे. दगड मात्र एकही हलवू नका.