सूर कुठे तोडायचा

मित्रा,

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. गिटारचा सोलो स्वच्छ आहे, बेंड (तार ओढून चढवलेले सूर) सुरात लागतायत. पण स्वॅम्प ब्लूजवाल्या स्लिम हार्पोच्या वाटेनं जायचं म्हणतोस आणि ऐकणाऱ्याची मान डोलत नाही, गाडं तिथंच अडलंय. तेव्हा या पत्रात सोलोबद्दल काही नाही, फक्त ठेक्याबद्दल.

स्वॅम्प ब्लूज म्हणजे 1950-60च्या दशकांतलं, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं ब्लूज संगीत. बॅटन रूजकडचे वादक, क्राउली गावातला निर्माता जे. डी. मिलरचा स्टुडिओ आणि नॅशव्हिलच्या एक्सेलो या रेकॉर्ड कंपनीनं काढलेल्या तबकड्या. गायक-गिटारवादक लाइटनिन स्लिमच्या 1954च्या पहिल्या तबकडीवर गिटार, हार्मोनिका आणि ड्रम एवढंच आहे, बासदेखील नाही. इतकी कमी माणसं वाजवत असली की लपायला जागा उरत नाही. एखादा सूर जरा लांबला तरी कानाला टोचतो.

शफल तुला माहीत आहे: एका मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा, म्हणजे पहिला सूर लांब आणि तिसरा छोटा. दादरा ऐकलेल्या कानाला तिनाची चाल परकी नाही. अडचण समेची आहे. आपल्याला पहिल्या मात्रेवर वजन टाकायची सवय असते. इथं ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, ड्रमसेटमधल्या स्नेअरच्या ठोक्यावर पडतं. तू दर पहिल्या मात्रेवर पिक (तार छेडायचा तुकडा) आपटतोस, त्यामुळे स्नेअर येईपर्यंत जोर संपलेला असतो.

आता उजवा हात. ई पट्टीतला साधा ठेका घे: सहावी तार मोकळी, पाचवी दुसऱ्या घरात, मग त्याच पाचव्या तारेवर चौथं घर, पुन्हा दुसरं. पिक कायम खालच्या दिशेनं. तळहाताची कड ब्रिजला (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या आधाराला) टेकलेली हवी. ती पाच मिलिमीटर पुढे सरकली की सूर मरतो आणि नुसती टकटक उरते. मागे गेली की तारा घुमत राहतात आणि सगळा चिखल होतो. तुझा चिखल होतोय. कारण साधं आहे: तू डावं बोट उचलून सूर थांबवायला बघतोस, पण मोकळी सहावी तार त्यानं थांबत नाही. तिला तळव्यानंच गप्प करावं लागतं. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा लांब सूर इतरांपेक्षा आखूड तोड, म्हणजे स्नेअरच्या मागे जरा रिकामी जागा राहील. माझ्या मते या संगीताची सगळी झिंग त्या रिकाम्या जागेत आहे. सूर कधी सुरू झाला यापेक्षा कधी संपला हे इथं जास्त ऐकू येतं.

रियाझासाठी मिनिटाला 96 मात्रांची लय हवी असेल तर मेट्रोनोम 48वर लाव आणि त्याची प्रत्येक टिक दुसरी आणि चौथी मात्रा समज. पहिले दोन दिवस गिटार नकोच. पुठ्ठ्याचं खोकं घे, वर्तमानपत्राची घट्ट सुरळी कर, पाय चारही मात्रांवर आणि सुरळी दोन-चारवर. हा पोरखेळ नाही. मिलरच्या स्टुडिओत लेझी लेस्टर हार्मोनिकाखेरीज अशाच वस्तू बडवत असे. त्या तबकड्यांवरचा कोरडा ‘थप’ बरेचदा तिथूनच आलेला आहे.

ब्लूजचं एक आवर्तन बारा बारांचं, एका बारात चार मात्रा. त्यात तुझी लय दोन ठिकाणी पळते: नवव्या बारवर आणि शेवटच्या दोन बारांत. नवव्या बारवर बी7 हा कॉर्ड येतो, त्याला चार बोटं लागतात, म्हणून हात आधीच निघतो आणि आठव्या बारचा शेवटचा छोटा सूर घाईत येतो. तो सूर वाजवूच नकोस. तिथं मुद्दाम गप्प राहा आणि बी7वर वेळेवर उतर. शेवटच्या दोन बारांत मात्र निव्वळ हौस नडते. टर्नअराउंडचे, म्हणजे आवर्तन पुन्हा सुरुवातीला नेणाऱ्या या तुकड्याचे, सूर निम्मे कर.

‘मागे रेलून वाजवणं’ म्हणजे हळू होत जाणं नव्हे. स्नेअर कणभर उशिरा पडतो, पाय मात्र जागचा हलत नाही. तीन मिनिटं रेकॉर्ड कर आणि सुरुवातीचे बारा बार व शेवटचे बारा बार घड्याळावर मोजून बघ. 96च्या लयीत बारा बारांना बरोबर 30 सेकंद लागतात.

ट्रेमोलोचा, म्हणजे अँपमधून आवाज लाटांसारखा कमी-जास्त करण्याचा, मोह आवर. संथ गाण्यात तो हवाच, पण मात्रेमागे तीन लाटा बसल्या पाहिजेत: 90च्या लयीला सेकंदाला साडेचार. अँपच्या बटणावर हा आकडा नसतो, म्हणून मेट्रोनोम चालू ठेवून एकच कॉर्ड घुमू दे आणि लाटा मोज. वेग थोडा चुकला तर लाटा सरकत जातात, मग मधूनच तुझा ठोका खड्ड्यात पडून गायब होतो आणि दोष हाताचा वाटतो. डेप्थ (लाटेची खोली) निम्म्यावर पुरे.

हार्मोनिकावाला मित्र येणार असेल तर ईसाठी त्याला ए पट्टीची हार्मोनिका आणायला सांग. गाण्याची ओळ संपली की त्यानं हार्मोनिकातून बोलायचं, तेव्हा तू ठेक्याबाहेर एक सूरही काढायचा नाही.

स्लिम हार्पोचं 1966चं ‘बेबी स्क्रॅच माय बॅक’ ऐक. ते तेव्हा अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिलं होतं. पहिल्यांदा ऐकताना फक्त ड्रमकडे लक्ष दे, दुसऱ्यांदा गिटारच्या खरवडण्याकडे, तिसऱ्यांदा गिटार कुठे गप्प बसते ते कागदावर मांड.

पुढच्या वेळी तीन मिनिटांचा नुसता ठेका पाठव, ई मध्ये, खोक्यासकट.