आठवीच्या वर्गात जाण्याआधी

समुपदेशनाला नवीनच लागली आहेस, म्हणून सांगते. पहिल्या भेटीत मुलांना 'मोठेपणी काय होणार?' असं विचारू नकोस, पाठ केलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'रविवारी दुपारी काय केलंस?' विचार. माझ्यासमोर आठवीतला एक मुलगा अर्धा तास गप्प बसला होता. मग खिशातून सायकलचे छर्रे काढून टेबलावर ठेवले आणि जो बोलत सुटला! आई मात्र इंजिनिअरिंगवरच अडून. औंधच्या सरकारी आयटीआयचं नाव काढलं तर तिचा चेहराच पडला.

मग कागदावर रस्ता काढून दाखवला. आयटीआयची दोन वर्षं, तिथून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती कागद घडी घालून घेऊन गेली.

आठवीतच एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, तिचा अनेकांना विसर पडतो. सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अर्ज शाळेतूनच जातो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या मागे लाग. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायलाही सांग, ऐनवेळी तिथेच घोडं अडतं.

अकरावीला कुणी गणित सोडत असेल तर खडकवासल्याच्या एनडीएचा, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा, विषय आधी काढ. एनडीएत नौदल, हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. 2022 पासून मुलीही तिथे आहेत, हे वर्गात मोठ्याने सांग.

कल चाचणीचा रिपोर्ट? वाच, पण मुलाशी बोलून झाल्यावर.