वाचकांचे प्रश्न : मधे फक्त नदी, तरी ४० मैल?

प्रश्न : अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स काउंटीचा नकाशा बघत होते. जीज बेंड नावाचं एक गाव आणि समोरच नदीपलीकडे काउंटीचं मुख्य ठिकाण कॅम्डेन. पण रस्त्याने अंतर दाखवतं जवळपास ४० मैल! असं कसं? आणि तिथल्या गोधड्यांबद्दल ऐकलंय, त्या एवढ्या प्रसिद्ध का झाल्या?

उत्तर : प्रश्न फार चांगला विचारलात, कारण या काउंटीचा अख्खा इतिहास त्या ४० मैलांत आहे.

आधी जमीन बघू. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी चुनखडीसारखा खडूचा थर साचला आणि त्यावर काळी सुपीक माती तयार झाली. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात, विल्कॉक्सचा उत्तर भाग त्यात येतो, दक्षिणेला टेकड्या आणि पाइनची जंगलं. काउंटी झाली १८१९ मध्ये. काळी माती म्हणजे कापूस, आणि त्या काळात तिथे कापूस म्हणजे गुलामगिरी.

अलाबामा नदी इथे एवढं मोठं वळण घेते की आतली जमीन तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली, आणि तेच जीज बेंड. १८१६ च्या सुमारास जोसेफ जी नावाचा माणूस नॉर्थ कॅरोलायनातून येऊन इथे मळा करून बसला, पुढे १८४० च्या दशकात तो मळा मार्क पेटवेकडे गेला आणि पेटवेने नॉर्थ कॅरोलायनातून गुलाम माणसांना चालत इथवर आणलं, म्हणून आजही गावात पेटवे आडनावाची माणसं भरपूर. गुलामगिरी संपली तरी ही माणसं तिथेच राहिली, कुळं म्हणून, कर्जात. १९३२ मध्ये तर उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य सगळं उचलून नेलं, त्या हिवाळ्यात रेडक्रॉसच्या मदतीवर गाव तगलं. नंतर केंद्र सरकारने मळा विकत घेतला आणि १९४० च्या दशकात जमिनी याच कुटुंबांना विकल्या. माझ्या मते पुढचं सगळं धाडस इथून येतं, कारण मालकाने घराबाहेर काढायची भीती राहिली नव्हती.

आता तुमचे ४० मैल. आधी फेरी, म्हणजे नदीपार नेणारी बोट होती, नदी ओलांडली की कॅम्डेन. पण कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीसाठी पलीकडे जायला लागले आणि १९६२ मध्ये फेरी बंद केली गेली! नोंदणीचं ऑफिस कॅम्डेनला, आणि बहुतेकांकडे गाडी नाही. १९६५ च्या सुरुवातीला काउंटीत तीन चतुर्थांशाहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यातला मतदार यादीत एकही नव्हता. त्याच फेब्रुवारीत मार्टिन ल्युथर किंग या गावात येऊन गेले, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. यादीत नावं चढली, फेरी मात्र २००६ पर्यंत बंदच! चाळीसेक वर्षं दवाखाना, कोर्ट, बाजार, सगळ्यासाठी वळसा. हे वाचताना मला अजूनही चीड येते. त्यात १९६० च्या दशकात मिलर्स फेरी नावाच्या ठिकाणी धरण बांधलं आणि नदीकाठची चांगली शेतं पाण्याखाली गेली.

गोधड्यांचं म्हणाल तर त्या थंडीसाठी शिवलेल्या, जुन्या जीन्स, शर्ट, पिठाच्या पोत्यांच्या, जे हाताशी असेल त्याच्या. रंग आणि रेघा मात्र प्रत्येकीच्या स्वतःच्या, सरळ रेघेचा हट्ट नाही. १९६६ मध्ये याच काउंटीत फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था निघाली, बऱ्याच जणींच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई आली. २००२ मध्ये गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, २००६ मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. फोटोत बघू नका फक्त, एखादी प्रत्यक्ष बघायला मिळाली तर सोडू नका.

आणि हो, तिकडे जाणार असाल तर फेरीचं वेळापत्रक आधी बघून घ्या, साधारण पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. २०१९ पासून ती बॅटरीवर चालते. गावासमोर पूल आजही नाही, त्यामुळे फेरी चुकली की परत तोच वळसा.