ब्रँच ठरली की तालुकाही ठरतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गोव्यात डिचोलीला, बाजारात स्वतःचा गाळा, मुलगी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एमबीबीएसची इंटर्नशिप संपवत आलेली. तुमचं म्हणणं, गाळ्यात क्लिनिक थाटावं. तिला पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करायचंय, आणि बाहेर गेली तर ती परत येणार नाही ही तुमची धास्ती. मी एमबीबीएसनंतर काही वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत काढली, आता फोंड्यात जनरल प्रॅक्टिस करतो. त्या अनुभवावर लिहितोय. लांबेल जरा.

वर एकांनी ‘आधी गाव की शहर ते ठरवा’ असं सुचवलंय. गडचिरोली किंवा नंदुरबारचा विचार असता तर मीही तेच म्हटलं असतं. गोव्यात त्याला फारसा अर्थ नाही. काणकोणहून करमळ घाट उतरून बांबोळी, म्हणजे गोमेकॉ, ६०-६५ किलोमीटर, वाळपईहून त्याहून कमी. सगळ्या वाटा शेवटी गोमेकॉतच जातात; सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्णसुद्धा तिथेच येतात. म्हणून इथे विचारायचं ते वेगळं: रुग्ण बांबोळीला पोचण्याआधीचा तास तिला सांभाळायचाय, की पोचल्यानंतरचं काम करायचंय? याचं उत्तर पीजीची ब्रँच (विषय) निवडताना दिलं जातं, आणि राहायची जागा त्यामागून आपोआप ठरते. न्यूरोसर्जरी केलेल्या माणसाला सत्तरी तालुक्यात राहायची कितीही हौस असली तरी तो पणजी-मडगावच्या पट्ट्यातच अडकणार. भूलतज्ज्ञांचं तर घर एकीकडे आणि काम चारीकडे. माझा एक मित्र सकाळी म्हापशात सिझेरियन, दुपारी फोंड्यात हर्निया आणि संध्याकाळी मडगावात फ्रॅक्चर करतो. डबा गाडीत, झोप सर्जन उशीर करेल तेवढी. पैसा उत्तम, पण बायको म्हणते आमचा संसार झुआरी पुलावर चाललाय. रेडिओलॉजीला हल्ली मुलं तुटून पडतात, पण यंत्राची किंमत बघा. शिवाय पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांनी एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच ठिकाणी सोनोग्राफी करता येते. उलट मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग किंवा फॅमिली मेडिसिन केलेली मुलगी डिचोलीत, साखळीत, पेडण्यात कुठेही उभी राहू शकते. तिने परत यावं असं वाटत असेल तर पुण्याला जाऊ नको म्हणण्यापेक्षा या शाखांबद्दल तिच्याशी बोला.

आता नुसत्या एमबीबीएसवर क्लिनिक. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ताप-सर्दीचा रुग्ण आरोग्य केंद्रात जातो, तिथे तपासणी आणि गोळ्या फुकट. जरा मोठं काही असलं तर गोमेकॉ, किंवा दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्यविमा योजनेचं कार्ड घेऊन खासगी इस्पितळ. मध्ये जनरल प्रॅक्टिशनरच्या वाट्याला उरतो तो मधुमेह, रक्तदाब, गुडघे आणि म्हातारी माणसं. हे काम थोडं नाही. २०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, मुलं पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली, घरात दोघंच म्हातारी. तिथे घरी जाऊन बघणाऱ्या डॉक्टरची नुसती वाट बघतात. पण असा रुग्ण बांधला जायला वर्षं लागतात. चोविशी-पंचविशीतल्या मुलीवर लोक लगेच विश्वास टाकत नाहीत. ‘मोठे डॉक्टर कधी येतात?’ हे तिला पहिले काही महिने रोज ऐकावं लागेल. शिवाय डिचोली हा खाणपट्टा. २०१२ साली खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, तेव्हा ट्रकमालकांबरोबर डॉक्टरांच्याही उधारीच्या वह्या जाड झाल्या. गाळा सध्या फार्मसीला भाड्याने द्या.

तिला एक-दोन वर्षं पीजीचा अभ्यास करत काम करायचं असेल तर मी कॉर्पोरेट इस्पितळातल्या आरएमओच्या (निवासी डॉक्टरच्या) नोकरीपेक्षा वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रासारखी जागा सुचवेन. आरएमओ रात्रभर कन्सल्टंटना फोन करतो आणि डिस्चार्ज समरी टाईप करतो. वाळपईत छातीत दुखतंय म्हणून बागायतदार येतो, ईसीजी काढून ‘स्टेमी गोवा’ या हार्ट अटॅकसाठीच्या प्रकल्पातून तज्ज्ञांकडे पाठवायचा, तिकडून हार्ट अटॅकच असल्याचं कळलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं आणि मग १०८ बोलवायची. इंजेक्शनाआधी रक्तस्रावाचा जुना त्रास आहे का, स्ट्रोक होऊन गेलाय का, हे विचारायचं तिनेच, सही तिचीच. काजूच्या दिवसांत रानातून तापाने फणफणलेला माणूस आला तर आधी माकडताप आठवला पाहिजे. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात त्याने हात दाखवलाय. पुस्तकात क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणून वाचलेला हाच ताप असा समोर बसलेला मोठ्या शहरात दिसत नाही. अभ्यासाला वेळ कमी मिळेल, हे खरंच. क्लास लावून घरी बसलेली मुलं मार्कांत पुढे जातात, तेही बघितलंय. पण सलग दोन वर्षं ड्रॉप घेऊन (काम सोडून नुसता अभ्यास करून) हातचं काम विसरलेली मुलंही बघितलीत, म्हणून माझं मत एक वर्ष काम, मग हवं तर एक वर्ष फक्त अभ्यास.

पीजीच्या जागांचं थोडं. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ ला सांगितलं की पीजीला रहिवासावर आरक्षण देता येणार नाही, मात्र त्याच संस्थेतून एमबीबीएस केलेल्यांना वाजवी मर्यादेत प्राधान्य चालेल. म्हणजे डिचोलीचा पत्ता कामाचा नाही, गोमेकॉची पदवी कामाची. तिच्या बाजूचीच गोष्ट आहे. रँक कमी आलाच तर एनबीईएमएसचे (राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाचे) दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रमही बघा. फॅमिली मेडिसिन, बालरोग, भूल त्यात येतात. नातेवाइकांना डिप्लोमा म्हटलं की नाक मुरडायची सवय असते, रुग्णांना नसते.

परदेशाबद्दल विचारलंत, पण मुलीने विचारलेलं नाही, तेव्हा ते सोडा. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत पर्यटकांना तपासायचे कॉलही सोडा. ऑक्टोबर ते मार्च खिसा गरम, पावसात माशा.

सरकारी नोकरीची इच्छा असेल तर कागदपत्रं आताच जमवा. गोवा लोकसेवा आयोगाच्या (जीपीएससी) जाहिरातीत १५ वर्षं रहिवासाचा दाखला लागतो, तो मामलेदार कचेरीतून मिळतो, आणि ऐन शेवटच्या आठवड्यात तिथे रांग लागते. कोंकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं इष्ट, असंही त्यात असतं. डिचोलीच्या मुलीला दोन्हींची अडचण नसावी.