अंधारात विमानाला शहर कसे सापडे?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धावरील चित्रपटांत बॉम्बफेकी विमाने रात्री, खाली संपूर्ण ब्लॅकआउट असताना, नेमक्या कारखान्यावर पोहोचलेली दिसतात. उपग्रह नसताना हे कसे साधत असे? या विषयावर कोणती पुस्तके वाचावीत? – एक वाचक, सातारा

उत्तर : पुष्कळदा ते साधतच नसे. होकायंत्र, घड्याळ आणि विमानाचा वेग यांवरून नॅव्हिगेटर नकाशावर आपले स्थान मांडत जाई. पण वाऱ्याचा अंदाज चुकला की सगळे गणितच फसे. बॉम्बफेकीच्या अचूकतेची पाहणी करणाऱ्या ऑगस्ट १९४१ च्या ब्रिटिश ‘बट अहवाला’साठी ब्रिटिश विमानांनी टिपलेली छायाचित्रे तपासली गेली, तेव्हा लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या ५ मैलांच्या आत पोहोचल्याचे उघड झाले.

जर्मनांनी मात्र धुक्यात विमान उतरवण्यासाठी बनवलेली लोरेन्झ पद्धत आधीच या कामी जुंपली होती. शेजारी-शेजारी सोडलेल्या दोन रेडिओ झोतांपैकी एकात वैमानिकाला तुटक टिंबे ऐकू येत, दुसऱ्यात लांब रेघा, आणि दोन्ही जिथे मिसळत त्या चिंचोळ्या पट्ट्यात अखंड सूर. तो सूर धरून उडत राहायचे आणि दूरच्या दुसऱ्या केंद्रावरून आलेला झोत आडवा लागला की बॉम्ब सोडायचे, अशी ही ‘क्निकेबाइन’ योजना होती. ब्रिटिशांनी पाडलेल्या हाइंकेल या जर्मन बॉम्बफेकी विमानात यासाठीचे वेगळे यंत्र सापडेना. तेव्हा आर. व्ही. जोन्स या २८ वर्षांच्या शास्त्रज्ञाने फार्नबरो येथील ब्रिटिश विमान-संशोधन केंद्राच्या तज्ज्ञाकडे चौकशी केली, आणि विमान उतरवण्याचा नेहमीचा रिसीव्हरच गरजेपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असल्याचे कळले. २१ जून १९४० च्या रात्री शोधासाठी निघालेल्या ब्रिटिश विमानाला स्पाल्डिंगजवळ सुमारे ४०० ते ५०० यार्ड रुंदीचा झोत प्रत्यक्ष सापडला; त्याला छेदणाऱ्या दुसऱ्या झोताचा रोख पाहता लक्ष्य डर्बी, म्हणजे रोल्स-रॉइसचा इंजिन कारखाना, असल्याचे दिसत होते. ब्रिटिशांची स्वतःची ‘जी’ ही रेडिओ पद्धत मोठ्या हल्ल्यांत वापरात यायला मार्च १९४२ उजाडावा लागला.

पुस्तकांपैकी जोन्स यांचे ‘मोस्ट सीक्रेट वॉर’ (१९७८) अवश्य वाचावे. ते आत्मकथन असल्याने लेखक स्वतः बहुतेक वादांत जिंकताना दिसतो, हे ध्यानात ठेवावे. तरीही पुराव्याचे तुकडे जुळत जाण्याचे इतके रंगतदार वर्णन क्वचितच वाचायला मिळते. आल्फ्रेड प्राइस यांचे ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ डार्कनेस’ (१९६७) अधिक अलिप्त असून त्यात दोन्ही बाजूंच्या यंत्रांची माहिती आहे. ते प्रथम छापले गेले तेव्हा एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्रावरील गुप्त संदेशांच्या उकलीबद्दल उघडपणे लिहिता येत नव्हते, आणि क्निकेबाइनचा एक महत्त्वाचा धागा तर अशाच एका संदेशातून मिळाला होता. म्हणून प्राइस यांच्या पुस्तकाची नंतरची सुधारित आवृत्ती मिळाल्यास तीच घ्यावी.