मिरवणुकीला यायचंय, पण लोक विचारतील त्याचं काय?

घटस्फोटाला ३ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती गणपतीत बंगळुरूहून पुण्याला आलीच नव्हती. माहेर नारायण पेठेतलं, लग्नाआधी ६ वर्षं ढोल वाजवलेला. यंदा वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "अनंत चतुर्दशीला येतेस ना?" आणि तिची झोप उडाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लग्न मोडलेलं असो, नोकरी गेलेली असो, प्रश्न हाच येतो: घरी जाऊ कशी, जो तो विचारणार.

न आल्यानं तिला त्या दिवसापुरतं हायसं वाटायचं. भीतीला खतपाणी मिळतं ते याच हायसं वाटण्यातून. लोक खरंच काय बोलतात, हे मनाला कधी कळतच नाही आणि पुढच्या वर्षी धास्ती आणखी वाढलेली असते. अशा माणसाला "मन खंबीर कर" म्हणणं क्रूरपणाचं आहे.

आधी तिनं भीती वाटणारे प्रश्न कागदावर उतरवले. ११ निघाले, पण पोटात गोळा आणणारे दोनच: "जावई कुठंयत?" आणि "आता पुढे काय?" उत्तर एका वाक्याचं ठरलं: "आम्ही वेगळे झालो काकू, मी बरी आहे. तुमचा गुडघा कसाय?" सुरुवातीला ती "खरं तर त्याचं असं होतं की..." म्हणून कारणं द्यायला लागायची. कारण दिलं की पुढचा प्रश्न आलाच. वाक्य रोज १० वेळा मोठ्यानं म्हटल्यावर जीभ अडखळेनाशी झाली.

पहिला प्रयत्न फसला. गणपतीतल्या शनिवारी संध्याकाळी ती थेट लक्ष्मी रोडवर गेली, मोबाईल चेहऱ्यासमोर धरून, आणि १० मिनिटांत घरी परतली. आखणीच चुकली होती. सगळ्यात मोठ्या गर्दीपासून सुरुवात करायची नसते. शिवाय मोबाईलआड लपलं की "लपले म्हणून वाचले" एवढंच मनात ठसतं. आणखी एक बारकावा: ढोलाचा ठोका छातीत घुमतो, धडधडीसारखाच. ती त्यालाच घाबरली होती.

चतुर्दशीला म्हणून सकाळ निवडली. मंडईतून कसबा गणपती पुढे निघतो आणि मागोमाग मानाचे बाकीचे चार. वेळ फक्त २ तास. जागा लक्ष्मी रोडवरच्या कुंटे चौकाजवळ, कुमठेकर रोडकडे निघणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. हातात काम: जुन्या पथकातल्या मुलींच्या बोटांना चिकटपट्टी लावायची आणि पाणी द्यायचं. काम असलं की माणूस पाहुणा राहत नाही. धडधड वाढली तर ४ आकडे श्वास आत, ६ आकडे बाहेर, ५ मिनिटं. तिथून निघायचं ते धडधड उतरल्यावर, ऐन भरात नाही.

शेजारच्या काकूंनी विचारलंच. तिनं वाक्य म्हटलं. काकू "बरं" म्हणाल्या, मग गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बराच वेळ बोलत राहिल्या. तिच्या अंगठ्याला तेव्हा अर्धी चिकटपट्टी चिकटलेली होती.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलेली असेल, तर मात्र एवढ्यावर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

तिला आता पुढच्या वर्षी वाजवायचंय. सराव उत्सवाच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो, म्हणून कोणकोणत्या शनिवार-रविवारी यायचं, ते आत्तापासून लिहून काढलंय.