मुंबईच्या जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा, घुमट विजापूरच्या गोलघुमटासारखा का दिसतो?

कारण तो मुद्दामच तसा बांधला आहे. वास्तुकार जॉन बेग यांनी आराखडा करताना विजापूरचा गोलघुमट, म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, डोळ्यांसमोर ठेवला होता. काम १९०४ साली सुरू झालं आणि १९१३ साली संपलं. खर्च सुमारे १८ लाख रुपये.

गंमत अशी की शेजारचं व्हीटी, आताचं सीएसएमटी, जेमतेम पंचवीस वर्षं आधीचं, पण ते गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय थाटाचं. जीपीओ बांधेपर्यंत सरकारी इमारतींची फॅशन बदलली होती. इंग्रजी आराखड्यावर इथल्या कमानी, घुमट, मिनार चढवायचे, याला इंडो-सारासेनिक शैली म्हणतात. गेटवे ऑफ इंडिया उभारणारे जॉर्ज विटेट आधी याच बेग यांचे सहायक होते.

दगडाकडेही नीट बघा. मुख्य भिंती आपल्या काळ्या बेसॉल्टच्या, त्यात कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि गुजरातमधल्या ध्रांगध्र्याचा पांढरा. पावसात भिजल्यावर हे रंग सुंदर खुलतात (हे माझं मत, पण एकदा जुलैमध्ये जाऊन बघाच).

आत मात्र सरळ मधल्या दालनात उभं राहून मान वर करा. साधारण १२० फूट उंची आहे. खाली स्पीड पोस्टची रांग, वर विजापूर! टपाल तिकीट घ्यायच्या निमित्ताने कुणीही आत जाऊ शकतं, त्यासाठी वेगळा पास लागत नाही. रविवार टाळा.